वाघाच्या तिकिटाचा इतिहास

उन्हाळ्याची सुट्टी जवळ आली की मोहने, आंबिवली, टिटवाळा भागातल्या शाळांच्या शिक्षक-खोलीत अलीकडे एक नवा विषय निघतो. पूर्वी सहल म्हटली की माथेरान, शिर्डी, फार तर महाबळेश्वर. आता 'यंदा ताडोबाला जायचे का?' असे विचारले जाते. राज्याच्या दुसऱ्या टोकाचा प्रवास, राहण्याचा खर्च, जिप्सीचे भाडे, गाईडचे पैसे, प्रवेशशुल्क असा हिशेब मांडला की मध्यमवर्गीय कुटुंबाला तो जड जातो. मग सहल काढणारा म्हणतो, 'सर, तुमच्या याच पैशांवर वाघ जगतो आहे.' ऐकायला बरे वाटते आणि खर्चही थोडा हलका होतो.

याच मोहन्यापासून काही किलोमीटरवर, कल्याण पूर्वेत, नोव्हेंबर २०२२ मध्ये एक बिबळ्या राहत्या इमारतीत शिरला. काही जण जखमी झाले, वनखात्याची आणि बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानाची पथके आली, कित्येक तासांनी त्याला बेशुद्ध करून पकडले. त्याला पाहायला जमलेल्या गर्दीने तिकीट काढलेले नव्हते. त्या बिबळ्याच्या संरक्षणासाठीही कोणी पैसे भरलेले नव्हते. वाघ आणि बिबळ्या एकाच मार्जार कुळातले. मग एकाला आपले तिकीट जगवते आणि दुसरा तिकिटाशिवाय जगतो, हे कसे? 'पर्यटनामुळे वाघ वाचला' हे विधान कितपत खरे आहे? मुलांना आपण ते सांगणार असू, तर आधी त्याचा इतिहास तपासून पाहायला हवा.

सुरुवात शब्दापासून करू. 'सफारी' हा शब्द आपल्याला इंग्रजीतून आल्यासारखा वाटतो. प्रत्यक्षात तो पूर्व आफ्रिकेतल्या स्वाहिली भाषेतला, प्रवास या अर्थाचा आहे. स्वाहिलीने तो अरबीतून उचलला. आपला 'सफर' हा शब्दही त्याच मुळातून, फारसीच्या वाटेने मराठीत आला. म्हणजे एकाच घरातला शब्द आपल्याकडे दोनदा पोचला, एकदा घोड्यावरून आणि एकदा मोटारीतून. दुसऱ्या खेपेला मात्र तो बंदूक घेऊन आला. अमेरिकेचे माजी अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी १९०९-१० साली पूर्व आफ्रिकेत जी प्रसिद्ध सफारी केली, तीत त्यांनी आणि त्यांच्या मुलाने मिळून ५१२ जनावरे मारली. संग्रहालयासाठी नमुने गोळा करण्याची ती मोहीम होती आणि त्या काळात तिला निसर्गप्रेमाचेच काम समजले जाई.

आपल्याकडे तेव्हा सरकारच वाघ मारण्याचे पैसे देत होते. ब्रिटिश अमदानीत वाघ, बिबळ्या, लांडगा यांची गणना 'उपद्रवी जनावरांत' होती. कातडे किंवा मुंडके कचेरीत आणून दाखवले की इनाम मिळे. या इनामांच्या सरकारी नोंदींवरून इतिहासकार महेश रंगराजन यांनी काढलेला अंदाज असा की १८७५ ते १९२५ या पन्नास वर्षांत देशभर ८०,००० हून अधिक वाघ आणि दीड लाखाहून अधिक बिबळे मारले गेले. हौसेखातर मारलेल्या किंवा जखमी होऊन झाडीत जाऊन मेलेल्या सगळ्याच जनावरांचा हिशेब या आकड्यात आलेला नसणार.

ठाणे जिल्हा या गोष्टीला अपवाद नव्हता. घोडबंदर रस्त्यावरून जाताना बसवाहक 'वाघबीळ' असे ओरडतो तेव्हा उतरणाऱ्यांच्या मनात वाघ येत नाही, पण नाव टिकून आहे. मुंबईच्या विहार तलावाजवळ १९२९ साली वाघ मारल्याची नोंद बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात आहे. ही संस्था १८८३ साली मुंबईतच स्थापन झाली आणि तिच्या आरंभीच्या सभासदांत शिकारीही बरेच होते. आपल्या जिल्ह्यात वाघाकडे पाहण्याची दुसरी एक रीतही त्याच काळात चालू होती, आणि ती जास्त जुनी होती. वारली, महादेव कोळी, ठाकर यांच्या पाड्यांवर वाघोबाचे ठाणे असते. शेंदूर लावलेला दगड किंवा लाकडावर कोरलेली वाघाची आकृती. आश्विन वद्य द्वादशीला, शहरात वसुबारस चालू असते तेव्हा, इकडे वाघबारस पाळतात. गुरे सांभाळ, माणसांच्या वाटेला जाऊ नकोस, असे त्याला साकडे घातले जाते. इथल्या बोलीत 'वाघ' म्हटला की त्यात बिबळ्याही आला. वेगळे सांगायचे असेल तरच 'पट्टेरी' किंवा 'ढाण्या' म्हणायचे. वाघोबाच्या भक्तांनी वाघाला कधी मारले नाही असा याचा अर्थ नव्हे. पण वाघ शेजारी आहे आणि त्याच्याशी काही देणेघेणे ठेवावे लागते, ही समज त्या पूजेत आहे. पुढच्या सगळ्या हकिगतीत हाच मुद्दा पुन्हा येणार आहे.

स्वातंत्र्य मिळाल्यावर वाघाचे दिवस पालटले असतील असे वाटेल. झाले उलटेच. संस्थानिकांची राखीव जंगले मोकळी झाली, जीप आणि प्रखर झोताचे दिवे आले, बंदुकांचे परवाने वाढले. शिकारीचा परदेशी पाहुण्यांसाठी चालणारा धंदाही उभा राहिला. या धंद्याचे एक मोठे केंद्र आपल्या नागपुरात होते. पुढे केंद्रीय मंत्री झालेले विद्याचरण शुक्ल यांनी राजकारणात येण्यापूर्वी तिथे 'ऑल्विन कूपर' नावाची कंपनी काढली होती. मोठ्या जनावरांच्या शिकारीच्या मोहिमा आणि छायाचित्रणाच्या मोहिमा असा तिचा व्यवसाय होता. मध्य भारतातल्या जंगलांचे शिकारीसाठी 'ब्लॉक' पाडलेले असत. कंपनीने ब्लॉक राखून ठेवायचा, तंबू, खानसामा, मागकाढे, हाकेवाले पुरवायचे, आमिषाला रेडकू बांधायचे, आणि अमेरिकेतून किंवा युरोपातून आलेल्या पाहुण्याने मचाणावरून बार काढायचा. हे सगळे कायद्याने वैध होते, जाहिराती देऊन चालत होते.

यातली एक गोष्ट शिक्षकांनी आवर्जून लक्षात घ्यावी. वाघाच्या शिकारीवर बंदी घालण्याची भाषा सुरू झाली, तेव्हा धंदेवाल्यांनी पुढे केलेली सबब परकीय चलनाची होती. पर्यटक येतात, डॉलर येतात, खेड्यातल्या हाकेवाल्याला मजुरी मिळते, मग बंदी कशाला? म्हणजे 'वाघ पर्यटनातून पैसे मिळवून देतो' हा युक्तिवाद पहिल्यांदा झाला तो बंदुकीच्या बाजूने. आज तोच युक्तिवाद कॅमेऱ्याच्या बाजूने होतो. कॅमेरा बंदुकीपेक्षा हजारपट बरा, यात वाद नाही. पण पैसा येतो एवढ्यावरून तो वाघाच्या कामी येतो असे ठरत नाही, हे त्या वीस वर्षांत दिसून आले होते.

निर्णय झाला तो हिशेबाबाहेरच्या कारणांनी. १९६९ साली आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाची सर्वसाधारण सभा दिल्लीत भरली आणि वाघ नाहीसा होण्याच्या बेतात आहे हे जगापुढे मांडले गेले. १९७० साली वाघाच्या शिकारीवर देशभर बंदी आली. १९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा झाला आणि त्याच वर्षीच्या गणनेत देशात १,८२७ वाघ असल्याचे सांगण्यात आले. १ एप्रिल १९७३ रोजी व्याघ्रप्रकल्प सुरू झाला. पहिल्या नऊ क्षेत्रांत महाराष्ट्रातून मेळघाटची निवड झाली. प्रकल्पाचे पहिले संचालक कैलास सांखला हे वनाधिकारी होते. त्यांची भूमिका कडक होती. जंगलाच्या गाभ्यात माणसाचा वावरच नको, मग तो लाकूडतोड्याचा असो वा गुराख्याचा. पर्यटकाच्या पैशांवर प्रकल्प चालवावा असा काही बेत तेव्हा नव्हता. खर्च सरकारी तिजोरीतून होणार होता, आणि किंमत मोजणार होती ती गाभ्यातली गावे. मेळघाटातली बोरी, कोहा आणि कुंड ही कोरकू गावे २००१ च्या सुमारास हलवली गेली. आजही मेळघाटात ताडोबाच्या मानाने पर्यटक फार थोडे जातात. डोंगराळ मुलूख, दाट जंगल, वाघ दिसण्याची खात्री नाही. तरी वाघ तिथे टिकला, तो कायदा, पहारा आणि उठून गेलेली माणसे यांच्यामुळे.

ताडोबाची कथा थोडी निराळी आहे. तिथल्या तळ्याकाठी तारू या गोंड पुरुषाचे देवस्थान आहे. वाघाशी झुंजताना तो मेला अशी आख्यायिका असून पौष महिन्यात तिथे यात्रा भरते. नाव त्याच्यावरूनच पडले. १९३५ साली इथे शिकारबंदी झाली आणि १९५५ साली ११६ चौरस किलोमीटरचे राष्ट्रीय उद्यान जाहीर झाले. 'महाराष्ट्रातले पहिले राष्ट्रीय उद्यान' असे आपण अभिमानाने सांगतो, पण तेव्हा चांदा जिल्हा मध्य प्रदेशात होता, राजधानी नागपूर होती, आणि कान्हाचे उद्यानही त्याच वर्षी झाले. अंधारी अभयारण्य १९८६ साली झाले. दोन्ही मिळून १९९५ साली व्याघ्रप्रकल्प झाला, सुमारे ६२५ चौरस किलोमीटरचा. भोवतालचे ११०० चौरस किलोमीटरहून अधिक बफर क्षेत्र २०१० साली जोडले गेले. या बफरमध्ये गावे आहेत, भातशेती आहे, मोहफुले आणि तेंदूपाने वेचणारी माणसे आहेत.

इथे थोडे थांबून वाघ मोजतात कसे ते पाहू, कारण 'पर्यटन वाढले आणि वाघ वाढले' ही जोडी आकड्यांवरच उभी असते. १९६६ पासून पावलांच्या ठशांवरून वाघ मोजण्याची पद्धत होती. ओरिसातले वनाधिकारी सरोज राज चौधरी यांनी ती बसवली. काचेवर ठसा गिरवून घ्यायचा आणि ठशांवरून वाघ ओळखायचा. मऊ मातीत आणि कडक जमिनीत एकाच वाघाचा ठसा वेगळा उमटतो, गिरवणाराचा हात वेगळा पडतो, आणि दिसला नाही तो वाघ मोजलाच जात नाही. आता झाडाला बांधलेले स्वयंचलित कॅमेरे वापरतात. त्यांचा पूर्वज शंभर वर्षांपूर्वीचा आहे. संयुक्त प्रांतातले वनाधिकारी एफ. डब्ल्यू. चॅम्पियन पायवाटेवर आडवी तार बांधून ठेवत. वाघाचा पाय तारेला लागला की प्रकाश पडून छायाचित्र निघे. त्यांचे पुस्तक १९२७ साली आले. वाघाचे पट्टे माणसाच्या बोटांच्या ठशांसारखे ज्याचे त्याचे असतात, त्यामुळे छायाचित्रावरून वाघ ओळखता येतो. उल्हास कारंथ यांनी नागरहोळेत या तंत्राला संख्याशास्त्राची जोड दिली.

हे संख्याशास्त्र वर्गात करून दाखवता येते. एका डब्यात न मोजता बरेच चिंचोके घ्या. मूठभर बाहेर काढून त्यांवर खडूने खूण करा, समजा ४० झाले. ते परत टाकून डबा चांगला हलवा. आता न पाहता ३० चिंचोके काढा. त्यांत खुणेचे ६ निघाले, तर ३० मध्ये ६ म्हणजे पाचवा हिस्सा. डब्यातल्या एकूण चिंचोक्यांतही खुणेचे पाचवा हिस्साच असणार असे धरले, तर एकूण सुमारे २०० आहेत. मग मुलांना डबा रिकामा करून मोजू द्या. अंदाज थोडा चुकेल आणि तो का चुकला यावर बोलायला अर्धा तास मिळेल. डबा नीट हलवला नाही तर काय होईल, हा प्रश्न तर जरूर विचारा. कॅमेरे फक्त सफारीच्या रस्त्यांवर लावले तर काय होईल, तोच हा प्रश्न आहे.

नव्या पद्धतीने २००६ च्या गणनेत देशात १,४११ वाघ निघाले, २०२२ च्या गणनेत सरासरी अंदाज ३,६८२ होता. महाराष्ट्रात याच काळात १०३ चे ४४४ झाले. १९७२ चा १,८२७ हा आकडा ठशांवरचा, म्हणून तो या ओळीत बसवू नये. वाढ मोठी आहे यात शंका नाही. पण पर्यटनही त्याच वर्षांत वाढले म्हणून एकामुळे दुसरे झाले असे म्हणता येत नाही. त्याच वर्षांत मोबाइल फोनही वाढले.

या दोन्हींचा संबंध नाही असेही नाही. तो कळण्यासाठी राजस्थानातल्या सारिस्काकडे पाहावे लागते. दिल्ली-जयपूरजवळचा हा व्याघ्रप्रकल्प पर्यटकांच्या आवडीचा होता. २००४ च्या अखेरीस लक्षात आले की तिथे एकही वाघ उरलेला नाही. चोरट्या शिकाऱ्यांनी ते संपवले होते. गाड्या जात होत्या, तिकिटे फाडली जात होती आणि वाघ एकेक करून नाहीसे होत होते. पंतप्रधानांनी सुनीता नारायण यांच्या अध्यक्षतेखाली व्याघ्र कृतिदल नेमले. त्याचा २००५ चा अहवाल वाचण्यासारखा आहे. जंगलाभोवतीच्या माणसाला वाघाचा तोटाच वाट्याला येत असेल, तर तो शिकाऱ्याला अडवणार कशाला, हा त्याचा रोख होता. पर्यटनाचा पैसा हॉटेलांच्या खिशात न राहता गावात आणि जंगलात यावा अशी शिफारस त्यात होती.

यानंतरच्या, २००६ च्या कायदा दुरुस्तीला आम्ही तिकिटाच्या इतिहासातले खरे वळण मानतो. तिने राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरण तर स्थापन केलेच, पण प्रत्येक व्याघ्रप्रकल्पासाठी व्याघ्र संवर्धन प्रतिष्ठान काढण्याची तरतूदही केली. पूर्वी गेटावर जमलेले शुल्क सरकारी खजिन्यात जाई आणि जंगलाला मिळायचे ते अंदाजपत्रकातून, मिळेल तेव्हा मिळे. आता ते पैसे प्रतिष्ठानाकडे राहून त्याच जंगलावर आणि भोवतालच्या गावांवर खर्च करता येऊ लागले. वर्गात विज्ञान शिकवताना आपण कार्यकारणाची साखळी सांगतो. 'तुमच्या पैशांवर वाघ जगतो' या वाक्यातली हरवलेली कडी ती हीच, आणि ती बसली १९७३ नंतर तेहतीस वर्षांनी.

पुढे २०१२ साली पर्यटनालाच ब्रेक लागला. २४ जुलैला सर्वोच्च न्यायालयाने गाभा क्षेत्रातले पर्यटन अंतरिम आदेशाने थांबवले. पावसाळ्यात बहुतेक जंगले तशीही बंद असतात, त्यामुळे प्रत्यक्ष झळ थोडी बसली, पण व्यवसाय हादरला. ऑक्टोबरमध्ये प्राधिकरणाची मार्गदर्शक तत्त्वे आल्यावर बंदी उठली. गाभ्याच्या फार तर २० टक्के भागात पर्यटन असावे, तिथे नवे बांधकाम नको, वाहनांची संख्या ठरलेली असावी, जनावरापासून २० मीटरपेक्षा जास्त अंतर राखावे, त्याला घेरू नये, आमिष दाखवू नये. 'जबाबदार पर्यटन' हे शब्द फार सैल वापरले जातात. नेमके काय, असे कोणी विचारले तर हे कागदावरचे नियम दाखवावेत.

नियम कशासाठी? वाघाला गाड्यांची सवय होते, तो पर्वा करत नाही, असे गाईड सांगतात आणि वरवर तसे दिसतेही. हैदराबादच्या पेशी व रेणू जीवशास्त्र केंद्रातल्या शास्त्रज्ञांनी कान्हा आणि बांधवगड इथे वाघांच्या विष्ठेतल्या ताणसंप्रेरकांचे प्रमाण मोजले. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात पर्यटनाच्या हंगामात ते प्रमाण जास्त आढळले आणि वाहनांच्या संख्येशी त्याचा संबंध दिसला. वाघ शांत बसलेला दिसतो, पण शरीर वेगळे सांगत असते. परीक्षेच्या दिवशी हसतमुखाने वर्गात शिरणारा विद्यार्थी आपण पाहिलेला असतोच.

नियम मोडतात तेव्हा काय होते तेही दूर शोधायला नको. ३१ डिसेंबर २०२४ रोजी नागपूरजवळच्या उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात एक वाघीण आणि तिचे पाच बछडे रस्त्यावर आले आणि दोन्ही बाजूंनी जिप्सींनी त्यांची वाट अडवली. चित्रफिती पसरल्या. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली. चालक आणि गाईड निलंबित झाले. आमच्या मते एक माणूस मात्र या कारवाईतून सुटला, तो म्हणजे 'पुढे घे, फोटो नीट येत नाही' म्हणणारा मागच्या बाकावरचा प्रवासी. चालकाची कमाई त्याच्या खुशीवर असते.

आता ताडोबाच्या गेटावर आपण दिलेला रुपया कुठे कुठे जातो ते पाहू. गाईडचे पैसे थेट गाईडच्या हातात पडतात आणि तो जवळच्या गावचा असतो. मोहर्ली, कोलारा, आगरझरी या भागात आता स्त्रियाही गाईडचे काम करतात. जिप्सीचे भाडे मालकाला जाते. प्रवेशशुल्क प्रतिष्ठानाकडे जाऊन त्यातून पहारा, बचाव पथके, गावांसाठीची कामे होतात. राहण्याजेवण्याचा खर्च, म्हणजे बहुधा सगळ्यांत मोठी रक्कम, रिसॉर्टला जाते आणि त्यातले गावात किती उरते हे त्या त्या रिसॉर्टवर अवलंबून असते. बफरमधल्या गावांना स्वयंपाकाचा गॅस, शौचालये, शेताला कुंपण देणारी डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजना २०१५ पासून आहे, पण ती राज्य सरकारची. ती सफारीच्या पैशावर चालते असे सांगणे चूक ठरेल. गॅसच्या सिलिंडरचा वाघाशी काय संबंध, असे मुले विचारतील. सरपण आणायला बाई पहाटे जंगलात वाकून चालते, आणि वाकलेले माणूस वाघाला चार पायांच्या जनावरासारखे दिसू शकते, हे त्याचे उत्तर आहे.

प्रतिष्ठान झाले म्हणजे पैसा आपोआप ठिकाणी पोचतो असेही नाही. ताडोबाच्या ऑनलाइन आरक्षणाच्या रकमेत १२ कोटी रुपयांहून अधिक अपहार झाल्याची तक्रार २०२३ साली पोलिसांत नोंदवली गेली. हे वाचून तिकीट काढू नये असे आम्ही म्हणत नाही. हिशेब विचारणारा पर्यटकही असावा, एवढेच.

आणखी एक हिशेब पैशांत मांडता येत नाही. नोव्हेंबर २०२१ मध्ये ताडोबाच्या कोलारा परिक्षेत्रात एक महिला वनरक्षक गणनेच्या कामासाठी सहकाऱ्यांसह पायी चालत होती. देशभरच्या त्याच २०२२ च्या गणनेची ती पूर्वतयारी होती, ज्यातला ४४४ हा आकडा आपण वर वाचला. वाघिणीने हल्ला केला आणि ती वनरक्षक मरण पावली. ती वाघीण 'माया' असल्याचे तेव्हा सांगण्यात आले. ही तीच माया, जिची छायाचित्रे ताडोबाला जाऊन आलेल्या असंख्य घरांत आहेत. पर्यटक तिला जिप्सीतून पाहत होते, वनरक्षक पायी होती.

आणि सगळे वाघ गेटाच्या आत राहत नाहीत. वयात आलेल्या वाघाला स्वतःचा मुलूख शोधावा लागतो. ताडोबात जागा भरली की तो बाहेर पडतो आणि ब्रह्मपुरी वनविभागासारख्या भागात जातो, जिथे जंगल आणि भातशेती एकमेकांत गुंतलेली आहेत. तिथे पुष्कळ वाघ आहेत आणि माणसांचे बळीही पुष्कळ जातात. तेंदूपाने वेचण्याच्या दिवसांत चंद्रपूर जिल्ह्यातल्या वर्तमानपत्रांत अशा बातम्या येत राहतात. जिप्सीच्या वाटेवरच्या गावाला वाघापासून मिळकत आहे. तीस-चाळीस किलोमीटरवरच्या, गेट नसलेल्या गावाला फक्त वाघ आहे. ही दरी सफारींची संख्या वाढवून भरत नाही. त्यासाठी वेळेवर मिळणारी नुकसानभरपाई, लवकर पोचणारे पथक आणि रोजगाराचे दुसरे साधन लागते, आणि हा खर्च तुमच्या-आमच्या करातूनच व्हायला हवा.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. पर्यटकांच्या डोळ्यांचा उपयोग होतो. रोज गाड्या फिरतात तिथे सापळा लावणे अवघड जाते आणि एखादा ओळखीचा वाघ दिसेनासा झाला तर ओरड होते. २०१३ च्या सुमारास मेळघाट आणि विदर्भातल्या इतर जंगलांत बाहेरून आलेल्या टोळ्यांनी वाघ मारल्याचे उघडकीस आले, तेव्हा हे पुन्हा ध्यानात आले. उमरेड-कऱ्हांडल्याचा 'जय' २०१६ साली बेपत्ता झाला तेव्हा साऱ्या देशात शोध घ्या म्हणून आवाज उठला, कारण हजारो लोकांनी त्याला पाहिले होते. नाव नसलेला वाघ गेला तर एवढी ओरड क्वचितच होते.

आता आपल्या ठाणे जिल्ह्याकडे वळू. बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा मोठा भाग ठाण्याच्या बाजूला येतो. तिथे सिंह आणि वाघ दाखवणारी सफारी आहे, शाळा सहली नेतात. ते सिंह-वाघ बंदिस्त आवारातले आहेत, हे मुलांना स्पष्ट सांगावे. मोकळा राहतो तो बिबळ्या, आणि तो सफारीत नाही. कॅमेऱ्यांच्या गणनेत २०१५ साली ३५ आणि २०१८ साली ४७ बिबळे आढळले. २००२ ते २००४ या काळात इथे माणसांवर हल्ले फार वाढले होते. जुन्नर भागात विद्या अत्रेय यांनी केलेल्या अभ्यासातून पुढे आले की पकडलेले बिबळे परक्या जंगलात नेऊन सोडले की त्या भागातले हल्ले वाढतात. उद्यानातही बाहेरचे बिबळे आणून सोडले जात होते. ते थांबवणे, कचरा आणि त्यावर जगणारी कुत्री आटोक्यात ठेवणे, वस्त्यांत जाऊन माहिती देणे, या कामांनी परिस्थिती सुधारली. २०११ साली सुरू झालेल्या 'मुंबईकर्स फॉर संजय गांधी नॅशनल पार्क' या उपक्रमात वनखाते, अभ्यासक आणि नागरिक एकत्र आले. यात तिकिटाचा वाटा फारसा नव्हता.

आपल्या जिल्ह्यातल्या बिबळ्याचा मुलूख किती मोठा असू शकतो, हे २००९ साली 'आजोबा'ने दाखवले. नगर जिल्ह्यात टाकळी ढोकेश्वरला विहिरीत पडलेल्या या बिबळ्याला बाहेर काढून, गळ्यात पट्टा बांधून माळशेज घाटात सोडले. महिन्याभरात तो सुमारे १२० किलोमीटर चालला. कसाऱ्याचा लोहमार्ग, मुंबई-आग्रा महामार्ग, शेवटी वसईची खाडी ओलांडून तो बोरिवलीच्या उद्यानात पोचला. वाटेत त्याने कोणाला इजा केली नाही. नकाशावर ही वाट मुलांकडून काढून घ्यावी. मोहन्याच्या उत्तरेचा सगळा मुलूख तीत येतो. या बिबळ्यावर २०१४ साली मराठी चित्रपटही निघाला, पण तोवर तो हयात नव्हता. डिसेंबर २०११ मध्ये महामार्गावर वाहनाच्या धडकेने तो मेला. अंगातल्या सूक्ष्म चकतीवरून त्याची ओळख पटली.

जून २०२५ पासून नागपूरचा समृद्धी महामार्ग भिवंडी तालुक्यातल्या आमणेपर्यंत पूर्ण खुला झाला आहे. मोहन्याहून ताडोबाला निघालेली कुटुंबे आता याच ७०१ किलोमीटरच्या रस्त्याने जाऊ लागली आहेत. जनावरांना आरपार जाता यावे म्हणून त्यावर ठिकठिकाणी भुयारी वाटा आणि वरून जाणारे पूल बांधलेले आहेत. ते बांधले रस्त्याच्या पैशातून. त्यांवरून आणि त्यांखालून कोण कोण जाते, हे पाहण्यासाठी कॅमेरे लावावे लागतात. गाडीतून जाताना त्या जागा मोजण्याचे काम मुलांना जरूर द्यावे.